मॅडम घरी असतानाचा रस्ता

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या भागात पत्रे उभे राहतात. निळे-पांढरे, पोचे आलेले, दर हंगामात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत बदली होणारे पत्रे. एखाद्या सकाळी पेपरवाला सांगतो, "मॅडम, उद्यापासून मागच्या गेटने येणार हां, पुढून बंद," आणि कळतं की हंगाम लागला. कोकणातल्या माझ्या मावसबहिणीला या दिवसांत आंब्याचा मोहोर दिसायला लागतो, मला जेसीबीची मान दिसते. मग प्रभादेवीपासून गिरगावापर्यंत कुठलीही गल्ली कधीही पोट उघडं टाकून पडलेली असते. लोक फळीवरून घरात जातात, स्कूटर लांब कुठेतरी लावतात आणि "कधी संपणार हे" म्हणता म्हणता धुळीलाही सरावतात.

यंदा पत्रे आमच्या पलीकडच्या गल्लीत आलेत. काल बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तर वाऱ्याबरोबर ओल्या गोणपाटाचा वास आला. नव्या काँक्रीटवर गोणपाटं अंथरतात आणि ती दिवसच्या दिवस भिजवत ठेवतात, त्याचा हा वास. थोडा तागाचा, थोडा चुन्याचा. हा वास मला फार प्रिय होता. कॉलेजातून येताना कुठे ओला रस्ता दिसला की मी मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्या कडेने जायची. काल मात्र कपड्यांची बादली तशीच टाकून आत आले आणि खिडकी लावून घेतली. राग आला होता. वासावर रागावणं वेडेपणाचं आहे, पण आला.

मी परळच्या एका तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या मुलांना काँक्रीट आणि रस्ते शिकवते. सासरी माझं नाव 'सिमेंटवाली वहिनी' आहे, आणि कुठल्याही लग्नात कुणाच्या ना कुणाच्या भिंतीला गेलेला तडा मोबाइलवर मला दाखवला जातोच. माझी मुलं दहावी करून येतात. लालबागची, शिवडीची, वरळी कोळीवाड्याची, काही थेट गिरगावातून. डोळ्यांत झोप, हातात वडापाव आणि पोटात इंग्रजी पुस्तकाची धास्ती. फळ्यावर सूत्र लिहिलं की सगळ्यांच्या माना खाली जातात. मग मी सरळ स्वयंपाकघरात शिरते. भाकरीचं पीठ सैल झालं तर काय करता रे? "अजून पीठ घालतो मॅडम." आणि काँक्रीट सैल झालं तर? एखादं कार्टं पुटपुटतं, "चपाती लाटतो." वर्ग हसतो, मीही हसते, आणि त्या हसण्यात पाण्याचा धडा सुरू होतो.

ओतण्याआधीचं पाणी आणि ओतल्यानंतरचं पाणी, ही दोन वेगळी माणसं आहेत असं मी त्यांना सांगते. ओतण्याआधी ठरल्यापेक्षा जास्त पाणी पडलं की काँक्रीट जन्माचं दुबळं झालं. दिसतं मात्र छान. मऊ, घसरतं, हवं तिकडे वळतं, काम करणाऱ्याचे हात दुखत नाहीत. एकदा ओतून घट्ट झालं की मग त्याला पाणी हवंच, तेव्हा कंजूषपणा केलात तर तडकणार. आधी हात आखडायचा, नंतर सोडायचा. माणसं नेमकं उलटं करतात. ओतताना सढळ हाताने पाणी मारतात आणि नंतर गोणपाट भिजवायला कुणी फिरकत नाही.

माल नेमका कसा आहे हे बघायची एक साधी चाचणी असते. वर निमुळतं, खाली रुंद असं बिनबुडाचं पत्र्याचं भांडं घ्यायचं. त्यात ताजं काँक्रीट थराथराने भरायचं, सळईने ठासायचं आणि भांडं सरळ वर उचलायचं. आतला ढीग किती खचतो, ते मोजायचं. फार खचला तर पाणी जास्त. पुस्तकात याला स्लम्प टेस्ट म्हणतात. पण एका वर्षी एका मुलीने ते भांडं उचललं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर भाताची मूद!" तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये मूद पाडतात. बाहेरून आलेले परीक्षक चक्रावतात. मुलं त्यांना बिनदिक्कत सांगतात, "सर, मूद बसली, ढासळली नाही."

सगळ्यात देखणी मूद तेजस पाडायचा. लालबागच्या चाळीतला मुलगा. आई पोळीभाजीचे डबे करायची, म्हणून हाताला ती सवय असावी, असं मी गमतीने म्हणायची. भांडं उचलताना तो श्वास धरायचा. घाई नाही, हिसका नाही. तास संपला तरी लॅबमध्ये रेंगाळायचा, सळया पुसून जागेवर ठेवायचा. संकष्टीला त्याची आई माझ्यासाठी त्याच्याबरोबर मोदक पाठवायची. एकदा त्याने विचारलं होतं, "मॅडम, जास्त पाण्याचं काँक्रीट ओळखायचं कसं? वरून तर सगळं सारखंच दिसतं." मी म्हटलं, "दोन पावसाळे थांबायचं. आपोआप कळतं." तो म्हणाला, "तोपर्यंत कोण थांबतंय मॅडम!" सगळे हसले. मलाही तेव्हा ते वाक्य हजरजबाबी वाटलं होतं.

शिकवणाऱ्याने आवडतानावडता करू नये म्हणतात. म्हणोत बापडे. वर्षानुवर्षं तोच तास घेताना एखादा चेहरा समोर असा असतो की आपण त्याच्याकडे बघून शिकवतो. बाकीच्यांना ते त्याच्यामुळे मिळतं. तेजस होता तोवर मी त्याच्याकडे बघून शिकवलं. तो पास होऊन गेला तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं, "या मुलाने बांधलेल्या रस्त्यावरून मी डोळे मिटून चालेन." नवरा म्हणाला, "उघडे ठेव, खड्डे असतात." त्याची नेहमीची थट्टा, मी मनावर घेतली नाही.

आमच्या गल्लीत सध्या क्रिकेट एकाच ठिकाणी खेळतात, आमच्या इमारतीच्या गेटसमोर. रविवारी सकाळपासून टपटप सुरू. मी एकदा विचारलं, "अरे, एवढी लांब गल्ली पडली आहे, माझ्याच दारात का?" तर त्यांचा कप्तान म्हणाला, "काकी, इथेच बॉल नीट येतो. पुढे सगळा टप्पा खातो." गल्लीतली मोठी माणसं त्या तुकड्याला 'मॅडम पॅनेल' म्हणतात. पॅनेल म्हणजे काँक्रीटच्या रस्त्याचा दोन सांध्यांमधला चौकोन. आमच्या गेटसमोरचा चौकोन अजून घट्ट आहे, त्यावर ब्रशने काढलेल्या रेघासुद्धा शाबूत आहेत. त्याच्या पुढे मात्र रस्त्याची साल निघते. वरची मलई उडून गेली, खडी उघडी पडली, पायाखाली कायम पांढरी भुकटी. 'मॅडम पॅनेल' हे नाव कौतुकाने पडलेलं नाही, हे मला कळतं. मी समोरून आले की बोलणं थांबतं, एवढी मी बहिरी नाही.

आमच्या गल्लीचा हंगाम गेल्याच्या गेल्या वर्षीचा. त्याच्या आधी शेजारची एक गल्ली झाली होती आणि एका पावसात तिचे पापुद्रे निघाले होते. त्यामुळे आमच्याकडे पत्रे लागताच लोक सावध झाले. गल्लीत पुढे चाळ आहे, तिच्या तळमजल्यावरचे गवाणकर काका त्यात पुढे. काका निवृत्त बस कंडक्टर, मूळचे कुडाळकडचे, आवाज असा की शेवटच्या सीटवरचा माणूस तिकीट काढेल. त्यांनी चाळीच्या चौकात सगळ्यांना जमवलं आणि ठरवलं की बाहेरचा कुणीतरी तपासनीस आणल्याशिवाय एकही गाडी आत सोडायची नाही. बायका खुर्च्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसायला तयार होत्या. मला ते सगळं आवडलं होतं. लोकांनी रस्त्याबद्दल इतकं विचारावं, हे तर मी जन्मभर वर्गात सांगत आले.

आणि त्याच संध्याकाळी डोक्यावर पांढरं हेल्मेट घातलेला एक मुलगा चौकात आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. तेजस. ठेकेदाराचा साइट इंजिनियर म्हणून आमच्याच गल्लीवर त्याची नेमणूक झाली होती. थोडा भरला होता, दाढी ठेवली होती, पण डोळे तेच. "मॅडम, तुमचीच गल्ली निघाली. मला तर टेन्शनच आलं," म्हणाला. मला इतका आनंद झाला की आवाज चढला. गवाणकर काका म्हणाले, "बाई, ह्यो तुमचो झील कसो गावलो?" मी म्हटलं, "झीलच समजा, मुलासारखाच. माझ्या हाताखाली तयार झालाय. तुम्हाला बाहेरचा तपासनीस कशाला हवा? याच्यापेक्षा कडक कोण तपासणार? माझा शब्द घ्या." काकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग खुर्च्या उचलायला सांगितल्या. एवढ्यावर गल्लीने आपला हट्ट सोडला.

पहिली गाडी आली तो दिवस मी विसरणं शक्य नाही. शनिवार होता, मला सुट्टी. आमच्या गेटपासून सुरुवात. तेजसने सगळ्यांना गोलात उभं केलं, भांडं मागवलं, आणि भर गल्लीत मूद पाडली. तोच धरलेला श्वास, तोच सरळ वर जाणारा हात. ढीग जेवढा खचायला हवा तेवढाच खचला. माझ्या तोंडून लहान मुलीसारखं "वा!" निघालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या वहिनींनी सगळ्यांना चहा केला, ड्रायव्हरलासुद्धा. गवाणकर काकू मला म्हणाल्या, "भाग्यवान आहात हो, असे विद्यार्थी मिळायला." मी तेव्हा जी मान ताठ केली, ती आठवली की अजून कान तापतात.

पुढचे काही आठवडे माझे सणासारखे गेले. सकाळी कॉलेजला निघताना तो भेटायचा. "मॅडम, आज किती वाजेपर्यंत?" विचारायचा. मी सांगायची. आईची चौकशी करावी तशी तो माझ्या तासांची चौकशी करतो, असं मला वाटायचं. शनिवारी, किंवा मी लवकर यायची त्या संध्याकाळी, तो मला हाक मारून काम दाखवायचा. सगळं जागच्या जागी. सळया सरळ, गोणपाटं ओली. मी वर्गात त्याची उदाहरणं द्यायला लागले. "फील्डवर चांगलं काम करता येत नाही म्हणणाऱ्यांनी माझ्या गल्लीत या," असं चक्क फळ्यासमोर उभं राहून म्हटलं मी. मुलांनी लिहून घेतलं असेल, काही सांगता येत नाही.

मग तो गुरुवार आला. गुरुवारी दुपारी माझं प्रॅक्टिकल असतं, पण त्या दिवशी काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद मोजायचं लॅबचं मशीन बिघडलं आणि मी मुलांना सोडून दिलं. परळहून चालत घरी निघाले. ऊन होतं, वाटेत शहाळं प्यायले, मजेत होते. गल्लीच्या कोपऱ्यावर लाल झेंडी घेऊन एक माणूस उभा असायचा. मला बघताच तो आत वळून ओरडला, "मॅडम आया! ए, मॅडम!" मला वाटलं, गाडी मागे येत असेल, मला सांभाळून घ्यायला सांगतोय. मी हात वर करून त्याला हसले देखील. आणि पत्र्याच्या फटीतून आत गेले.

मिक्सरची गाडी उभी होती. वर शिडीवर एक माणूस ड्रमच्या तोंडात घातलेला हिरवा पाइप ओढून काढत होता. घाईत पाइप निसटला आणि पाणी त्याच्याच पँटवर उडालं. खाली तेजस उभा होता. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून त्याला म्हणाला, "क्या साब, आज तो गुरुवार है ना? आप तो बोले थे गुरुवार को मॅडम का प्रॅक्टिकल रहता है."

वाक्य साधं होतं, मला पहिल्याच वेळी कळलं. तरी मी तिथे उभी राहून त्याचा दुसरा काही अर्थ निघतो का ते बघत राहिले. निघाला नाही.

"गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली मॅडम, माल कडक झाला," तेजस म्हणाला. "परत पाठवली तर वरून फोन येतात."

"मग परत पाठवायची. फोन घ्यायचा."

"दोनदा पाठवली की तिसऱ्यांदा मलाच पाठवतात."

ते मला समजत होतं. खरंच समजत होतं. पंचविशीतला मुलगा, घरी आई थकलेली, डोक्यावर ठेकेदार. भीती वाटते माणसाला. तेवढंच असतं तर मी रागावले असते, भांडले असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी त्याच्या साहेबाशीही भांडले असते. मी विचारलं, "पाण्याचं राहू दे. माझं टाइमटेबल या ड्रायव्हरला का माहीत आहे?"

तो खाली बघत होता. मग त्याने मान वर केली आणि अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, तुम्ही बघितलं असतंत तर तुम्हाला त्रास झाला असता. म्हणून तुम्ही नसताना घेतल्या. मी तुमचा मान राखला मॅडम. तुमच्यासमोर एकसुद्धा गाडी खराब नाही ओतली. आईशप्पथ."

आणि ते खरं होतं! शनिवारचा तुकडा चोख. मी घरी असतानाचा रस्ता चोख. बाकी सगळी गल्ली माझ्या तासांच्या वेळी ओतली गेली. मी परळला उभी राहून पाणी कसं मोजायचं ते शिकवत होते, तेव्हा इथे पाइप सोडला जात होता. नुसतं फसवलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. त्याने मला फसवायला माझाच मान वापरला. ज्या हाताने पाया पडला त्याच हाताने कोपऱ्यावर झेंडीवाला उभा केला. वर त्याला वाटत होतं की त्याने माझ्यासाठी काहीतरी केलं आहे. मला असं वाटलं की माझ्या हातून घडलेली एकच गोष्ट चांगली होती आणि तीच कुणीतरी उलटी करून माझ्यासमोर धरली आहे. मी तशीच वळून गेटकडे निघाले. बोलायला गेले असते तर रडले असते, आणि त्या ड्रायव्हरसमोर मला रडायचं नव्हतं.

गवाणकर काकांकडे मी त्याच संध्याकाळी गेले. सांगायला हवंच होतं. काका पानाला चुना लावत होते. मी सगळं सांगितलं, पाइप, झेंडीवाला, गुरुवार. काकू आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. काकांनी पान तसंच तबकात ठेवलं. त्यांचा तो बसभर घुमणारा आवाज त्या दिवशी शेजारच्या खोलीतही गेला नसेल. "बाई, तुमी सांगितलात म्हणान आमी गप रवलंव," एवढंच म्हणाले. काकू म्हणाल्या, "जाऊ दे हो, त्यांचा काय दोष." काकांनी तबक बाजूला सरकवलं. मी चहा न घेता उठले, आणि त्यांनी आग्रह केला नाही.

नंतर तक्रार झाली, एक साहेब येऊन काठी आपटून गेले, थोडं उरलेलं काम उरकलं, पत्रे निघाले. ताजं काँक्रीट दिसायला सुंदरच असतं. लोक म्हणायला लागले, बाई उगाच घाबरल्या. मग एक पावसाळा गेला, दुसरा गेला. आता गवाणकरांच्या खिडकीच्या कठड्यावर रोज पांढरी धूळ साचते. काकू सकाळी पुसतात, दुपारी परत पुसतात. काकांना खोकला लागलाय. मी जाताना दिसले की त्या फडका झटकायच्या थांबतात, माझ्या अंगावर उडू नये म्हणून. त्यांचा तो चांगुलपणा मला बोलण्यापेक्षा जास्त लागतो. आणि आमच्या गेटसमोर चेंडू छान टप्पा घेत असतो. बाईंनी आपल्या दारापुरतं करून घेतलं, असं गल्लीत म्हणतात. गल्लीला दुसरं काय वाटणार? मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

शिवाजी पार्कला सकाळी फिरायला जाते, तिथे एक निवृत्त इंजिनियर भेटतात. पांढरे बूट, कानटोपी, जगाबद्दल काही तक्रार नाही. त्यांना एकदा हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, फील्डवर हे चालायचंच. पोरगं हुशार दिसतंय." मी म्हटलं, "हुशार आहे म्हणूनच सांगतेय." त्यांना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी चालण्याचा वेग वाढवला. हुशारीचं मला काही वाटत नाही. ढ मुलगा असता तर माझं टाइमटेबल त्याच्या लक्षातच राहिलं नसतं.

गेल्या वर्षी कॉलेजने यशस्वी माजी विद्यार्थी म्हणून तेजसचा सत्कार केला. आता तो मोठ्या पदावर आहे, मुलांना कामाला घेतो, मग सत्कार होणारच. शाल, श्रीफळ झालं. माइक हातात घेऊन म्हणाला, "मी आज जो काही आहे तो मॅडममुळे." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग तो स्टेजवरून उतरून माझ्या खुर्चीशी आला आणि वाकला. सभागृह बघत होतं. मी पाय मागे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते की नको, हे अजून ठरत नाही. पण आशीर्वादाचा शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही. तो वाकलेलाच जरासा थांबला, मग उठला. गुरुपौर्णिमेला त्याचा मेसेज येतो, फुलाचं चित्र आणि हात जोडलेले. मी उघडत नाही. मला त्याला माफ करायचं नाही, हे मी स्पष्टच सांगते. माफ केलं की माणूस मोठा होतो म्हणतात, मला नाही मोठं व्हायचं.

शिकवणं थांबवता येत नाही, ते चालू आहे. पण वर्गात उभी राहते तेव्हा आता मी एकाच चेहऱ्याकडे बघत नाही. मागच्या भिंतीकडे बघते. पूर्वी कुणी नीट उत्तर दिलं की मन फुलायचं. आता आधी वाटतं, हा माझ्यासमोर असं बोलतोय, मी गेल्यावर काय बोलत असेल? मुलांना याचा पत्ता नाही. त्यांना वाटतं, मॅडमचं वय झालं, मॅडम हल्ली हसत नाहीत.

आज सकाळी कॉलेजला जायला निघाले आणि पलीकडच्या गल्लीतूनच जावं लागलं. कोपऱ्यावर मिक्सरची गाडी मागे फिरत होती. भरलेली होती, ड्रम जड आवाज करत होता. पत्र्यांच्या आत ऋतुजा उभी होती. गेल्या वर्षी पास झालेली, वरळी कोळीवाड्यातली, आवाजाची खणखणीत मुलगी. या गल्लीचं काम तिच्याकडे आहे, हे मला माहीत नव्हतं. ती फोनवर होती. "नाही सर, नाही घेणार. कडक आलाय माल. पाणी मारून पण नाही घेणार. हो, माझंच नाव सांगा." तिने फोन ठेवला. मग मी दिसले आणि तिचा चेहरा उजळला. "मॅडम! बघितलंत? परत पाठवली गाडी."

तेजसच्या आधीची मी असते, तर तिथल्या तिथे तिला जवळ घेतलं असतं. आज माझ्या मनात पहिलं आलं ते हे: ही माझी कॉलेजला जायची वेळ, आणि ती हिला ठाऊक आहे.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या एक बाई हातातला झाडू टेकवून पुढे आल्या. "तुम्ही हिच्या टीचर का हो? मग बरं झालं भेटलात. परवापासून गाड्या परत पाठवतेय नुसती. काम लांबतंय, सगळे वैतागलेत. आमचे सेक्रेटरी आज वर कळवणार आहेत, दुसरा इंजिनियर द्या म्हणून. तुम्हीच सांगा, सोडावं का आम्ही हिच्यावर?"

ऋतुजा माझ्याकडे बघत होती. काळजी नव्हती तिच्या डोळ्यांत. माझं उत्तर तिने गृहीत धरलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. परत गेलेली गाडी मी डोळ्यांनी पाहिली होती, फोन कानांनी ऐकला होता. आणखी काय हवं असतं? पण चौकातली ती संध्याकाळ आठवली, उचललेल्या खुर्च्या आठवल्या, आणि जीभ उचलेना.

"मी शिकवलंय तिला," मी म्हणाले. "पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

बाई "अस्सं होय" म्हणाल्या आणि झाडू घेऊन आत वळल्या. ऋतुजाच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं, मग गेलं. तिने हेल्मेटचा पट्टा उगाचच घट्ट केला. "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही गं." ती म्हणाली, "जा तुम्ही, उशीर होईल." मी निघाले. त्या एका 'हो'वर तिचा पुरेपूर हक्क होता, आणि तो तेजस केव्हाच घेऊन गेला होता.